समोरासमोर न येण्याची थोर परंपरा

२८ जून २०२४. सकाळचे साडेसहा. विंझरला आमच्या पडवीत मोबाईल खांबाला टेकवून आम्ही बसलो होतो. पाऊस धरून आला होता, राजगडाचा बालेकिल्ला ढगात गेला होता. भाताची रोपे अजून वीतभरही झाली नव्हती, त्यामुळे लावणीची घाई नव्हती. पडद्यावर अमेरिकेतल्या अटलांटा शहरातला स्टुडिओ होता आणि तिथे आदल्या दिवशीच्या रात्रीचे नऊ वाजले होते. राष्ट्राध्यक्ष जो बायडेन आणि माजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या कारभाराचा हिशेब मागणार होते. आम्ही नव्वद मिनिटे जागचे हललो नाही. पाहून झाल्यावर एक मतदार म्हणून आमचे मत पक्के झाले, ते नोंदवून ठेवणे कर्तव्य वाटते. हा प्रकार आपल्या देशात येता कामा नये. आणि तो आजवर ज्यांनी येऊ दिला नाही, त्या सर्वपक्षीय नेत्यांचे आपण सर्वांनी मनापासून आभार मानले पाहिजेत.

आधी माणुसकीचा मुद्दा घेऊ. एक गृहस्थ ८१ वर्षांचे, दुसरे ७८ वर्षांचे. दोघांना दीड तास उभे ठेवले. आमच्या खोऱ्यात एवढ्या वयाचा माणूस दारात आला तर आधी घोंगडी अंथरतात, पाण्याचा तांब्या पुढे करतात, कामाचे नंतर विचारतात. तिथे प्रत्येकाला एक पेन, एक कोरी वही आणि पाण्याची एक बाटली दिली होती. लिहून आणलेला कागद चालणार नाही, असा नियम होता. उत्तराला दोन मिनिटे, खोडून काढायला एक मिनिट. आपली पाळी नसेल तेव्हा ध्वनिक्षेपक बंद. समोर श्रोते नाहीत, म्हणजे टाळी नाही, घोषणा नाही, ढोल-ताशा नाही. कोणी कोणत्या बाजूला उभे राहायचे हेसुद्धा नाणे उडवून ठरवले होते. शाल नाही, श्रीफळ नाही. सूत्रसंचालकाने अमोघ वाणीचे आणि कुशल नेतृत्वाचे दोन शब्दही उच्चारले नाहीत. आल्या आल्या थेट महागाईवर प्रश्न विचारला.

याचे परिणाम व्हायचे तेच झाले. वृद्ध राष्ट्राध्यक्षांचा आवाज बसला होता, वाक्ये मध्येच तुटत होती, आणि पाच कोटींहून अधिक लोकांनी ते आपापल्या घरात बसून पाहिले. बरोबर चोविसाव्या दिवशी, २१ जुलैला, त्यांना उमेदवारी सोडावी लागली. सत्तेवर असलेला माणूस, पक्ष पाठीशी, प्राथमिक फेऱ्या जिंकलेल्या, आणि नव्वद मिनिटांत सगळे गेले. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपल्या नेत्याची प्रकृती कशी आहे, त्याला आकडे आठवतात का, मुद्दा समजतो का, हे त्याच्या घरच्यांना आणि फार तर त्याच्या गाडीच्या चालकाला ठाऊक असते. त्यामुळे आपली लोकशाही किती स्थिर राहिली आहे, हे वाचकांनी स्वतःच पाहावे.

दुसरा प्रसंग सप्टेंबरचा. ११ तारखेची सकाळ, घरात गौरीपूजनाची गडबड, पुरण शिजत होते. फिलाडेल्फियात ट्रम्प आणि कमला हॅरिस उभे होते. ट्रम्प यांनी सांगितले की ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावात बाहेरून आलेले लोक गावकऱ्यांची कुत्री-मांजरे खातात. त्यावर प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराने तिथल्या तिथे सांगितले, की आम्ही त्या शहराच्या प्रशासकांना विचारले, त्यांच्याकडे तशी एकही विश्वासार्ह तक्रार नाही. आत्या पुरणयंत्र फिरवायची थांबली. म्हणाली, "अरे, त्यांच्यात पाहुण्याला असं तोंडावर खोटं पाडतात का?" आम्हाला उत्तर देता आले नाही. आदरातिथ्याची ही रीत आपण जपली आहे. आपल्या व्यासपीठावर पाहुणा जे बोलतो ते खरे असते, निदान तो गाडीत बसून निघून जाईपर्यंत तरी.

या प्रथेचा इतिहासही बोधप्रद आहे. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर समोरासमोर आले. निक्सन गुडघ्याच्या दुखण्याने नुकतेच रुग्णालयात राहून आले होते, चेहरा ओढलेला, त्यात रंगभूषा नको म्हणाले. केनेडी उन्हात रापलेले, ताजेतवाने. निवडणूक निक्सन हरले. पण ते शहाणे गृहस्थ होते, त्यातून शिकले. १९६८ आणि १९७२ मध्ये त्यांनी वादाला साफ नकार दिला आणि दोन्ही वेळा जिंकले, दुसऱ्यांदा तर ५० पैकी ४९ राज्यांत. १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांनीही हाच मार्ग धरला होता. अशी १६ वर्षे अमेरिका आपल्यासारखी सुसंस्कृत राहिली. पुढे निक्सन यांना वॉटरगेट प्रकरणात १९७४ मध्ये पद सोडावे लागले, पण त्याचा दोष प्रश्न न विचारण्याच्या पद्धतीकडे जात नाही. प्रश्न विचारले गेल्यावरच तर ते सारे बाहेर आले.

१९७६ मध्ये तिकडे पुन्हा वाद सुरू झाले. त्यातला पहिला, २३ सप्टेंबरचा, आम्हाला विशेष प्रिय आहे. जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर बोलत असताना ध्वनियंत्रणा बंद पडली. २७ मिनिटे आवाज नाही. दोघे आपापल्या मेजामागे उभे राहिले, एकमेकांकडे न पाहता, एकमेकांशी न बोलता, आणि देश त्यांच्याकडे पाहत राहिला. आपण जे पिढ्यान्‌पिढ्या जाणीवपूर्वक जपत आलो, ते त्यांना तांत्रिक बिघाडाने २७ मिनिटे लाभले. दुर्दैवाने कोणीतरी तार जोडली.

आता आपल्याकडे येऊ. राष्ट्रपती निवडायला आपले मत लागत नाही. ते काम खासदार आणि आमदार करतात, म्हणून तिथे आपल्यासमोर वाद घालायचे कारण नाही. पंतप्रधान लोकसभेतून ठरतो, म्हणून तिथेही कारण नाही, असे जाणकार सांगतात. तरीही २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती अजित शहा आणि ज्येष्ठ संपादक एन. राम या तिघांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना पत्र लिहिले. दोघांनी एका व्यासपीठावर येऊन मतदारांसमोर चर्चा करावी, अशी विनंती केली. राहुल गांधींनी होकार कळवला. भाजपच्या युवा मोर्चाने आपल्या उपाध्यक्षाचे नाव पुढे केले. इतक्या सौजन्याच्या पत्रव्यवहारानंतर चर्चा झाली नाही.

त्यात एक सूक्ष्म विचार होता, तो विंझरच्या मतदाराला लगेच जाणवला. ते पत्र ९ मेचे. आमच्या बारामती मतदारसंघातले मतदान ७ मेला उरकले होते. शाई बोटावर वाळून दोन दिवस झाले होते. चर्चा झालीच असती, तरी आमच्या निर्णयात तिने ढवळाढवळ केली नसती.

बारामतीची ती लढत साऱ्या देशाने पाहिली. सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, नणंद आणि भावजय. मुंबई-दिल्लीचे कॅमेरे आले, भोरच्या चौकात उभे राहिले, नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर चहा पिऊन गेले. कोण कोणाच्या घरचे, कोणी कोणाला काय दिले, मूळचे कोण आणि बाहेरून आलेले कोण, यावर महिनाभर सविस्तर मंथन झाले. दोघी एका मंचावर आल्या नाहीत आणि आम्ही तशी मागणीही केली नाही. घरातले भांडण चव्हाट्यावर आणू नये, एवढे आम्हाला कळते. ते चव्हाट्यावरच होते हे खरे, पण तिथे फक्त भांडण होते, प्रश्न नव्हते. निकाल लागला, सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. त्याच जूनमध्ये सुनेत्रा पवार राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. दोघी संसदेत पोहोचल्या. ज्या लढतीत कोणीच हरत नाही, तिच्यात वाद घालून कोणाला तरी हरवायचा अट्टहास कशाला?

शेजारच्या साताऱ्यात तर मतदाराने याहून मोठी झेप घेतली. तिथे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. त्यांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यंत्रावर नुसत्या तुतारीचे, ज्याला लोक पिपाणी म्हणतात ते, चिन्ह घेऊन एक अपक्ष उभे होते. त्यांना ३७,०६२ मते पडली. ही मते चुकून गेली, असे हरलेल्या पक्षाचे म्हणणे. आम्हाला ते पटत नाही. उमेदवाराचा चेहरा, आवाज, म्हणणे यांपैकी काहीही मध्ये न येता मतदाराने निव्वळ वाद्याचा विचार करून मत दिले. याहून निःपक्षपाती मतदार कुठे मिळेल?

विधानसभेचा अनुभव आणखी शिकवणारा आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी आमच्या भोर मतदारसंघात घड्याळाचे शंकर मांडेकर आणि पंजाचे संग्राम थोपटे यांची झुंज झाली. मांडेकर जिंकले. गावागावांत दोन तट पडले, एका भावकीतले लोक एकमेकांच्या देवकार्याला जाईनात. एप्रिल २०२५ मध्ये थोपटे भाजपमध्ये गेले. आता दोघे एकाच महायुतीत आहेत. समजा त्या नोव्हेंबरात दोघांना एका मंचावर उभे करून दोन-दोन मिनिटे दिली असती, एकमेकांच्या धोरणावर बोलायला लावले असते, आणि ते सारे कोणी जपून ठेवले असते. आज त्या चित्रफितीचे काय करायचे? नेत्यांना किती अवघडल्यासारखे झाले असते! ती चित्रफीत नाही, म्हणून दोघांनाही मोकळेपणाने पुढे जाता आले. देवकार्याला न जाणारे भाऊ तेवढे अजून जात नाहीत. त्यांना पक्ष बदलायची सोय नाही.

येथे कोणी म्हणेल, आपल्याकडेही रोज रात्री वृत्तवाहिन्यांवर चर्चा होतेच. होते, आणि तिचे कौतुक करायला शब्द अपुरे आहेत. तिच्यात श्रमविभागणी फार सुरेख आहे. जे निवडणूक लढवतात ते बोलत नाहीत आणि जे बोलतात ते निवडणूक लढवत नाहीत. आठ चौकटींत आठ प्रवक्ते एकाच वेळी बोलतात, त्यामुळे कोणावरही अन्याय होत नाही. अमेरिकेत एकाचा आवाज बंद करून दुसऱ्याचा ऐकवतात. आपण सगळ्यांचे आवाज चालू ठेवून कोणाचाच ऐकू येऊ देत नाही. समतेचा विचार केला तर आपली पद्धत श्रेष्ठ ठरते. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर १९७७ पासून राजकीय पक्षांना प्रचाराच्या भाषणांसाठी वेळ मिळतो, तिथेही शिस्त अशी की काय बोलणार तो मजकूर आधी लिहून द्यावा लागतो. वाटेत कोणी प्रश्न विचारून वक्त्याची साखळी तोडत नाही.

मग आम्ही मतदार उमेदवाराची पारख कशाच्या आधारे करतो, असे पुण्यातले एक स्नेही विचारत होते. आम्ही त्यांना सांगितले, आमची कसोटी त्या स्टुडिओतल्या कसोटीपेक्षा कडक आहे. कोण दशक्रियेला नदीवर आला आणि कोणी नुसता फोन केला. कोण लग्नात अक्षता पडेपर्यंत थांबला आणि कोण आहेर देऊन निघाला. कोणाचा फलक काकड आरतीला लागला. दशक्रियेला येणारा माणूस धोरण काय ठरवील हे विचारायचे नसते. घाटावर ओल्या धोतराने उभ्या असलेल्या माणसाला ते सुचतही नाही.

विचारायचेच ठरवले, तर प्रश्न पुष्कळ निघतील. हाच मोठा धोका आहे. गुंजवणीचे धरण आमच्या तालुक्यात, जमीन आमच्या लोकांची गेली, पाणी वेल्हे, भोर आणि पुरंदर अशा तीन तालुक्यांचे. त्यातले वेल्ह्याच्या किती एकरांना, कोणत्या साली, कोणत्या वाटेने, हा प्रश्न दोन मिनिटांत बसतो. उत्तर तीन वाक्यांत येऊ शकते आणि ते लिहून ठेवता येते. किंवा असे विचारता येईल: डोंगरावरच्या वाडीत रात्री दोन वाजता बाळंतीण अडली, बाहेर पाऊस कोसळतो आहे, तर नसरापूरमार्गे पुण्याच्या वाटेला लागण्याआधी तिला कोणत्या दारात न्यायचे, आणि त्या दारात डॉक्टर असेल याची हमी कोण घेतो? अशा प्रश्नावर एखादा ८१ वर्षांचा अनुभवी माणूससुद्धा अडखळेल. मग ते अडखळणे विंझरपासून वेल्ह्यापर्यंत घराघरांत दिसेल. त्यापेक्षा मार्च २०२४ मध्ये, आचारसंहिता लागायच्या तीन दिवस आधी, राज्य मंत्रिमंडळाने आमच्या वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचे ठरवले, ते किती विचारपूर्वक केले! ज्या निर्णयाला महाराजांच्या राजधानीचे नाव, त्यावर कोण प्रश्न विचारील? आम्हीही हात जोडले. बाळंतिणीला आता राजगड तालुक्यातून न्यायचे आहे.

थोडे आपल्याकडेही बोट करायला हवे, नाहीतर सारे श्रेय नेत्यांना जाईल. समोरासमोर प्रश्न विचारायची जागा कायद्याने आपल्याला १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमापासूनच दिली आहे. तिचे नाव ग्रामसभा. वर्षाला किमान चार. १८ वर्षांचा प्रत्येक मतदार तिचा सभासद. तिथे सरपंचाला हिशेब विचारता येतो, लाभार्थींची यादी वाचून घेता येते, उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येते. अटलांटातल्या स्टुडिओत मतदाराला आत पाऊल टाकता येत नव्हते. इथे त्याच्यासाठी सतरंजी अंथरलेली असते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे पुरतात. आमच्या खोऱ्यातल्या एका गावी आम्ही अशा सभेला गेलो होतो. साडेअकराला बत्तीस माणसे जमली होती. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही तरतूद ज्याने केली त्याने आपल्याला नीट ओळखले होते. पुढच्या तारखेला सतरा जण आले आणि सगळे विषय वीस मिनिटांत मंजूर झाले. एक बाई उभी राहिली. टाकी बांधून झाली, मग पाइपात पाणी का नाही, एवढेच तिला विचारायचे होते. तिला सांगितले, "मावशी, हा विषय पत्रिकेवर नाही, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ." आयत्या वेळच्या विषयांपर्यंत चहा आला. ती चहा न घेता पाणी भरायला गेली. तिच्या मागे कोणी उठले नाही. आम्हीही उठलो नाही. आमचा चहा गरम होता.

मुलांना मात्र आपण वाद घालायला शिकवतो, आणि तेही फार निगुतीने. या खोऱ्यातल्या एका शाळेत गेल्या हिवाळ्यात वादविवाद स्पर्धा होती. विषय, मोबाईल शाप की वरदान. मुद्देसूदपणाला वेगळे गुण, प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा खोडण्याला वेगळे, वेळ पाळण्याला वेगळे. पाच मिनिटे झाली की घंटा. सातवीतल्या एका मुलीने विरुद्ध बाजूच्या मुलाचे तीन मुद्दे एकामागून एक घेतले, तिन्हींना उत्तर दिले आणि घंटा वाजायच्या आत खाली बसली. त्या मुलानेही टाळ्या वाजवल्या. १८ वे वर्ष लागेपर्यंत ही सवय सुटते, त्यामुळे काळजीचे कारण नाही.

घंटेवर पाचवीतला एक मुलगा नेमला होता. काम त्याने मनावर घेतले होते, डोळा घड्याळावरून हलत नव्हता. बक्षिसे झाली आणि प्रमुख पाहुणे बोलायला उठले. पाहुणे तालुक्यातले मोठे प्रस्थ. त्यांचे प्रास्ताविक संपते न संपते तोच पाच मिनिटे भरली आणि मुलाने घंटा वाजवली. पाहुणे थांबले. मंडपात कोणी हालले नाही. पहिल्या रांगेतले शिक्षक उठून मुलाजवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने हलकेच घंटा काढून घेतली. त्यांच्या प्रसंगावधानाचे आम्हाला खरोखर कौतुक वाटले. पाहुणे पुढे चाळीस मिनिटे बोलले. मुलगा तेवढा वेळ रिकामे हात मांडीवर ठेवून घड्याळाकडे पाहत बसला होता.